'मल्टिप्लेयर'ला मराठीत काय म्हणाल?

सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या टॅक्सी चालकाशिवाय धावतात. अशा गाडीतल्या उतारूंसाठी आम्ही काही जण एक खेळ रचतोय. त्याचा मराठी मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. 'सेल्फ-ड्रायव्हिंग'ला 'स्वयंचलित' लिहिलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे बिनक्लचची?" 'मल्टिप्लेयर'ला 'बहुखेळाडू' लिहिलं, तर क्रिकेटचा संघ निवडल्यासारखं वाटतं. सुचवा.

— स्वयंचलित नकोच, जिनासुद्धा स्वयंचलित असतो. 'बिनचालक' लिहा. वेमोत स्टिअरिंग आहे, फक्त त्यामागे कुणी नाही. शब्द नेमका बसतो.

— खेळाडू मैदानावरचा. हुतुतूत गडी, पत्त्यांत भिडू. पण भिडू आपल्या बाजूचा असतो, समोरच्याला आपण भिडू म्हणत नाही. वेमोत चौघंच बसतात, मागे तीन, पुढे एक, आणि पुढचा पाठमोरा. जोड्या पाडणार असाल तर भिडू चपखल. प्रत्येक जण स्वतंत्र खेळणार असेल तर सरळ 'चौघांचा खेळ' म्हणा की! बहु- कशाला?

— तुम्ही सहज लिहिलेला 'उतारू' मात्र खोडून 'प्रवासी' करू नका. उतारू म्हणजे उतरणारा, आणि तुमची खरी अडचण तीच आहे. डाव रंगात आला की नेमकं एकाचं ठिकाण येणार. एसटीत गाण्याच्या भेंड्या चालायच्या त्या म्हणूनच: कुणी मध्येच उतरलं तरी शेवटचं अक्षर मागे उरतं. वाटेत चढलेल्याला लिंबूटिंबू करा, त्याच्यावर लगेच राज्य नको.

— मसुद्यात 'गतिजन्य अस्वस्थता' आहे का? असेल तर काढा. आपल्याला गाडी लागते. मान खाली घालून पडद्याकडे बघितलं की डोळे म्हणतात स्थिर आहोत, आतला कान म्हणतो वळतोय. चालकाला वळण आधी ठाऊक असतं, म्हणून त्याला सहसा लागत नाही. इथे तर सगळेच उतारू. तेव्हा पुढचं वळण खेळातच आधी दिसू दे, नाहीतर खिडकीबाहेर बघायला लावणारं काही रचा. (टेस्लाने २०२१ अखेरीस चालत्या गाडीतले पडद्यावरचे खेळ बंद केले, पण ते चालकाचं लक्ष विचलित होतं म्हणून. तिथे चालक होता.)

— बिनचालक, उतारू, गाडी लागणे, तिन्ही घेतले. भिडूही, कारण जोड्याच पाडतोय. लिंबूटिंबूचा नियम तर सगळ्यांना इतका आवडलाय, की आता इंग्रजी मसुद्यात त्याला काय म्हणायचं ते मलाच विचारताहेत. सुचवा!