पिशवीच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले, वहिनीचं रडू थांबत नाही – मदत हवी आहे

वहिनीचं वय ४२. फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या गाठींमुळे) दुर्बिणीतून गर्भपिशवी काढली. टाके बरे आहेत, पण रात्री झोप मोडते, चिडचिड होते, काम करता करता डोळे भरून येतात. घरातले म्हणतात, "त्रास गेला ना, आता कसलं रडणं?" हे किती दिवस चालतं? दाखवायचं कुणाला?

प्रतिसाद १
ताई, आधी डिस्चार्ज कार्ड काढा. 'टीएलएच'च्या (दुर्बिणीतून पूर्ण पिशवी काढणे) पुढे 'बीएसओ' लिहिलंय की नुसतं 'बीएस'? बीएस म्हणजे फक्त नळ्या काढल्या. बीएसओ म्हणजे नळ्यांबरोबर दोन्ही बीजकोशही गेले. एका अक्षराने सगळं बदलतं. पाळी आपोआप जाते तेव्हा बीजकोशांत बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन काही वर्षांत हळूहळू कमी होतं, दोन्ही बीजकोश काढल्यावर ते काही दिवसांतच कोसळतं. मग रात्री अंग तापतं, घामाने गाऊन भिजतो, जाग येते आणि सकाळी जरा काही झालं की रडू फुटतं. याला मनाचे खेळ म्हणणं फार चुकीचं आहे.

बीजकोश ठेवले असतील तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासाच. फायब्रॉइडच्या रक्तस्रावाने आधीच लोह आटलेलं असतं. त्यातून येणारा थकवा आणि उदासी वरून सारखीच दिसतात.

प्रतिसाद २
पहिल्या आठवड्यात भूल, वेदना, अपुरी झोप यांमुळे रडू येणं नेहमीचं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची चाचणी भरा. १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर गुणांची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि घरच्यांना सांगा, "मूल झालंय ना, आता पिशवी काय करायची" हे वाक्य बंद करा. मूल नको असलं तरी पिशवी गेल्याचं दुःख होतं. आतून पोकळ झाल्याची भीती मात्र काढून टाका, मोकळ्या जागेत आतडी सरकून बसतात.

प्रश्नकर्ती
कार्डावर बीएसओ आहे. आता?

प्रतिसाद १
मग याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, हार्मोन द्यायचे का हे स्पष्ट विचारा. पिशवी नसल्याने बहुतेकींना नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणे) होता का, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झाली होती का, हे आधी सांगा, त्यावर निर्णय फिरतो. चालत असेल तर ४२ व्या वर्षी ते साधारण पन्नाशीपर्यंत देतात, कारण प्रश्न फक्त घामाचा नाही, हाडांचा आणि हृदयाचाही आहे. हार्मोन चालत नसतील तर व्हेन्लाफॅक्सिनसारख्या उदासीवरच्या गोळीने घामाच्या लाटा कमी होतात. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन ही तशीच दुसरी गोळी नको, त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो.

जाण्याआधी चार रात्री घाम किती वाजता आला, झोप किती तास झाली, एवढं वहीत लिहा. तपासणीच्या पाच मिनिटांत हे तोंडी आठवत नाही.

प्रतिसाद २
शरीरसंबंधाची घाई नको. योनीच्या वरच्या टोकाचे टाके भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, तपासून डॉक्टर हो म्हणाले की मगच. कोरडेपणासाठी 'वॉटर-बेस्ड' म्हणजे पाण्यापासून बनवलेलं, तेल नसलेलं जेल वापरा, निरोध वापरत असाल तर तेल नको, रबर फाटतं. हे भावाला तुम्ही नाही, डॉक्टरांनी सांगावं. पुढच्या भेटीला त्यांना आत बसवा.