मामा तलावाचा आराखडा ग्रामसभेत मांडायचा आहे, सुरुवात कुठून करू?

पाळीवरचा:
नमस्कार मंडळी. माझं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जंगलाला लागून. गावाला माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव आहे, पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातला. माझ्या लहानपणी होळीनंतरही मधोमध डोईबुड पाणी असायचं. यंदा फेब्रुवारी संपायच्या आत तळ उघडा पडला. निम्म्या तलावात बेशरम हे तण माजलं आहे. गेल्या हंगामात धानाला शेवटचं पाणी पुरलं नाही, खालच्या बांध्यांत (धानाच्या शेतांत) लोंबी पोचट निघाली.

१ मेच्या ग्रामसभेत तलावाच्या कामाचा ठराव घ्यायचा आहे. सरपंच म्हणाले, आराखडा तुम्ही पोरं करा. निम्मं गाव म्हणतं पोकलेन लावून सगळा तलाव पंधरा फूट खोदा. काहींना पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फरशी आणि बाकडी हवीत. यात काहीतरी चुकतंय असं मला वाटतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. कोणी असं काम केलं आहे का?

बोडी-बांधी:
भाऊ, मी साकोली तालुक्यातला, धानाचा शेतकरी. आमच्या तलावाच्या समितीत आठ वर्षं आहे. आमची पहिली चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

आम्हीही आधी मशीनच लावली. ठेकेदाराने मधोमध खोल खड्डे केले आणि निघालेली माती पाळीच्या आतल्या उतारावर टाकली. पहिल्या मोठ्या पावसात ती निम्मी परत तलावात. शिवाय एका ठिकाणी तळाची चिकणमाती फोडून मशीन खालच्या मुरमात गेली. पाणी धरून ठेवते ती हीच चिकण. दिवाळीपर्यंत त्या खड्ड्यातलं पाणी सगळ्यात आधी उतरलं. मी रोज काठी रोवून पाहत होतो, डोळ्यांसमोर उतरलं.

तेव्हा गावातल्या कोहळी समाजाच्या एका म्हाताऱ्याने आम्हाला विचारलं, "तलावात पाणी येते कुठून ते पाहिलं का?" आम्ही पाहिलंच नव्हतं! हे तलाव कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधले ते उताराची नाडी ओळखून. एकाचा सांडवा वाहिला की खालचा भरतो. आपल्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी आभाळातून कमी येत नाही, ते वाटेत अडतं किंवा माती घेऊन येतं.

त्या पावसाळ्यात आम्ही सातजण छत्र्या घेऊन, पाऊस पडत असतानाच वरचं सगळं रान फिरलो. तीन गोष्टी सापडल्या. नव्या रस्त्याखालचा पाइप बुजल्यामुळे एक ओहोळ भलतीकडे वळला होता. झुडपी जंगलाचा एक तुकडा नांगरला होता, तिथून लाल गढूळ पाणी येत होतं, हातात घेतलं तर बोटांवर माती राहायची. आणि सांडव्यावर लोकांनी मासे धरायला दगड रचून उंची बदलली होती. पाइप दोन दिवसांत मोकळा झाला. नांगरलेल्या तुकड्याच्या मालकाला बांध घालायला दीड वर्ष समजवावं लागलं, शेवटी सगळ्यांनी मिळून श्रमदानाने घालून दिला.

गाळ काढाच, पण मोजून. एक हेक्टरवर वीतभराहून कमी, दहा सेंटिमीटर गाळ काढायचा म्हटलं तरी हजार घनमीटर होतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या तीनशेहून जास्त ट्रॉल्या. तो कोणाच्या बांधीत जाणार, वाहतूक कोण करणार, हे आधी लिहून घ्या. चिकण लागली की थांबा. आणि काठ उतरताच ठेवा, उभा कापू नका. का, ते 'मरळ' नावाने इथे लिहिणाऱ्या ताई माझ्याहून चांगलं सांगतील.

मरळ:
दादांनी माझं नाव काढलं म्हणून लिहिते. मी धिवर समाजाची, आमची मच्छीमार संस्था आहे.

काठाचं उथळ पाणी म्हणजे मासोळीचं माहेर. पावसाळ्यात मरळ वनस्पतीत जागा साफ करून अंडी घालते आणि राखत बसते. पिल्लं निघाली की नारिंगी पुंजकाच दिसतो पाण्यात, खाली मोठी मरळ फिरत असते. काठ उभा कापला की ती वनस्पती जाते, मग मरळ, शिंगी कुठे जाणार? देवधान, म्हणजे रानटी धानही त्याच काठावर उगवतं.

बेशरम कापू नका, कापलेल्या तुकड्यातून ती पुन्हा फुटते. उन्हाळ्यात तळ कोरडा असताना मुळासकट उपटा, पाळीच्या बाहेर नेऊन वाळवा. मग तळ नांगरा आणि पाऊस लागल्यावर दुसऱ्या चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून लावा. भंडारा-गोंदियात तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर यांनी धिवरांसोबत हेच काम कित्येक वर्षं केलं आहे, आम्ही तिथूनच शिकलो. कोणती वनस्पती कोणत्या खोलीत लावायची हे आमच्या बायांना पायाने कळतं. कमरेएवढ्या पाण्यात उतरून लावतो आम्ही.

आणि ग्रास कार्प माशाचं बीज सोडू देऊ नका. तो वनस्पतीच खातो, तुमची मेहनत एका वर्षात संपवेल.

एक मनापासून सांगते. तुमच्या आराखड्याच्या बैठकीला धिवर टोलीतल्या (वस्तीतल्या) बाया बसल्या होत्या का? शेतकऱ्याला पाणी शेवटच्या थेंबापर्यंत सोडायचं असतं, आम्हाला मासोळीपुरतं ठेवायचं असतं. किती पाणी राखायचं, ती खूण गेटजवळच्या दगडावर दोघांनी मिळून करा. आमच्याकडे पांढऱ्या रंगाचा पट्टा आहे. त्याखाली गेट उघडत नाही. पहिल्या वर्षी भांडणं झाली, नंतर नाही.

निस्तार:
कागदाचं थोडक्यात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पण गावाचे हक्क निस्तार पत्रकात, म्हणजे सामाईक वापराच्या हक्कांच्या सरकारी नोंदीत, लिहिलेले असतात, त्याची नक्कल तहसिलीतून आधी काढा. वरचं रान वनहक्काखाली येत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईसोबत पाणवठ्यातल्या मासोळीचाही सामूहिक हक्क आहे. तसा दावा मंजूर असेल तर तलाव आणि वरचं रान एकाच आराखड्यात घ्या. ठरावात फक्त "खोलीकरण" हा शब्द टाकलात तर काम फक्त तेवढंच होईल.

पाळीवरचा:
सगळ्यांचे आभार. ताई, नाही, बैठकीला धिवर टोलीतलं कोणीच नव्हतं. बोलावलंच नव्हतं आम्ही. आज संध्याकाळी जाऊन आलो. तिथल्या एका आजीने तलावाचे सात कोपरे नावानिशी सांगितले, मला त्यातले दोनच माहीत होते. ते सगळे वहीत लिहून घेतले आहेत.

पंधरा फुटांचा मुद्दा मागे ठेवतोय. निस्तार पत्रकासाठी सोमवारी अर्ज देतो. रविवारी सकाळी सहाला सांडव्यापासून निघून वरचं रान फिरणार, आत्ता कोरडे ओहोळ बघून ठेवू आणि पाऊस लागला की तेच पुन्हा. आजी म्हणाल्या, मोहाच्या झाडापर्यंत मी येते, पुढचं तुम्ही चाला.

दादा, एकच विचारायचं राहिलं. नांगरलेल्या तुकड्याच्या मालकाशी पहिल्यांदा बोलायला कोण गेलं होतं?

बोडी-बांधी:
त्याचा मामा. आमच्या समितीतलं कोणी नाही.