कागदी प्रतिकृती (पेपर मॉडेल) करायला सुरुवात कशी करावी?

वास्तुप्रेमी (नाशिक)

नमस्कार. मापात बिनचूक अशा कागदी प्रतिकृती करण्याचा छंद मला मनापासून लावून घ्यायचा आहे. कॅननच्या क्रिएटिव्ह पार्क या संकेतस्थळावर जपानमधील हिमेजी किल्ल्याची प्रतिकृती विनाशुल्क मिळते. तिची पाने मी उतरवून घेतली आहेत. घरी साधा इंकजेट प्रिंटर आहे. कागद किती जाडीचा घ्यावा, कोणती हत्यारे खरोखर लागतात आणि पहिल्याच प्रयत्नाला हिमेजी घेणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पुठ्ठा_आणि_पाते

हिमेजी अवश्य करा, पण दुसरी किंवा तिसरी प्रतिकृती म्हणून. या किल्ल्याचा मुख्य मनोरा १६०९ मध्ये पूर्ण झाला. त्याची छपरे एकावर एक रचलेली आहेत, त्यांच्या कडा कोपऱ्यांशी वर वळतात आणि मधूनमधून कमानदार त्रिकोणी दर्शनी भाग येतात. खालच्या मजल्याचा काटकोन अर्धा मिलिमीटर जरी चुकला, तरी तो फरक प्रत्येक मजल्यागणिक वाढत जातो आणि सर्वांत वरचे छप्पर बसेनासे होते. म्हणून आधी सरळ भिंती आणि दोन उतरती छपरे असलेले, वीस-पंचवीस भागांचे एखादे घर निवडा. विमानाने सुरुवात करू नका, असेही आग्रहाने सांगेन. विमानाचे नाक आणि पंखांची मुळे दोन्ही दिशांनी गोलाई असलेली असतात. कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो, त्यामुळे तो आकार अरुंद पाकळ्या जोडून साधावा लागतो, आणि नवख्या हाताला ते जड जाते.

आता कामाच्या क्रमाबद्दल लिहितो, कारण प्रतिकृती नेटकी दिसते की नाही, हे माझ्या मते चिकटवण्यापेक्षा त्याआधीच्या तयारीवर ठरते. भाग कापण्यापूर्वीच, कागद अखंड असताना, घडीच्या सर्व रेषांवर पोलादी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाब द्यावा. सुटा झालेला लहान भाग पट्टीखाली सरकतो आणि रेष वाकडी जाते. दाब असा द्यावा की मागच्या बाजूला बोटाला बारीक उंचवटा जाणवेल, पण कागदाचा वरचा थर फाटणार नाही. आत वळणाऱ्या घडीच्या दोन्ही टोकांना टाचणीने टोचून मागच्या बाजूने रेष द्यावी. कोणती रेष बाहेर वळते आणि कोणती आत, याच्या खुणा प्रत्येक प्रकाशकाच्या वेगळ्या असतात, म्हणून सूचनांचे पान आधी पूर्ण वाचावे.

त्यानंतर कापणे. सर्जिकल दुकानात मिळणारी तीन नंबरची मूठ आणि अकरा नंबरचे पाते मला स्टेशनरीच्या कटरपेक्षा अधिक सोयीचे वाटते. पाते बोथट होताच बदलावे, कारण बोथट पाते कागद कापण्याऐवजी ओढते. खाली कटिंग मॅट हवीच.

कापून झाल्यावर आणि चिकटवण्यापूर्वी प्रत्येक भागाची कड रंगवावी. छापील कागद आतून पांढरा असतो, आणि जोडावर दिसणारी ती पांढरी रेघ कितीही सुबक कामाला उणेपणा आणते. भिंतीच्या छटेपेक्षा किंचित गडद जलरंग घेऊन जवळजवळ कोरडा कुंचला कडेवरून फिरवावा. पेन्सिल-रंगही चालतात. हिमेजीच्या भिंती पांढऱ्या असल्यामुळे तेथे हे काम मुख्यत्वे राखी छपरांपुरतेच उरते.

शाई_आणि_कागद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात कागदाची आणि छपाईची भर घालतो. साध्या झेरॉक्सचा ऐंशी जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कागद भिंतींना अपुरा पडतो. १६० ते २०० जीएसएमचा, चकाकी नसलेला कागद घ्यावा. त्याहून जाड कागद घडीवर तडकतो आणि लहान भागांत वळत नाही. पुण्यात असाल तेव्हा अप्पा बळवंत चौकातील स्टेशनरीच्या दुकानांत चौकशी करावी. नाशिकमध्ये लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडेही असा कागद मिळू शकेल. मात्र तो आपल्या प्रिंटरमधून जातो का, हे एका पानावर तपासूनच जास्तीचा घ्यावा.

यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने बसलेले असतात. पान हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहिले की कोणत्या दिशेने ते सहज वाकते, ते हाताला लगेच कळते. नळीसारखे गोल भाग करताना नळीची लांबी तंतूंच्या दिशेने आली, तर कागद सुरकुती न पडता वळतो.

छापताना पान कागदात बसवण्याचा पर्याय बंद करून मूळ आकारच निवडावा. सगळी पाने एकाच प्रमाणात छापली गेली नाहीत, तर एका पानावरचे छप्पर दुसऱ्या पानावरच्या भिंतींवर बसत नाही. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते, म्हणून पाने पूर्ण वाळू द्यावीत आणि कापण्यापूर्वी त्यांवर मॅट वॉर्निशच्या फवाऱ्याचे एक-दोन पातळ हात द्यावेत. चिकटवण्यासाठी फेविकॉल उत्तम, पण बाटलीतून थेट ओतू नये. तुकड्यावर थेंबभर काढून टूथपिकने पातळ पसरावा. पाण्याचा अंश जास्त झाला की भिंत लगेच फुगते, आणि वाळल्यावरही ती पूर्ववत सपाट होत नाही.

प्रमाण_एकास_दोनशे

प्रमाणाचा विचार सुरुवातीलाच केलेला बरा. पोलंडमध्ये या छंदाची मोठी परंपरा आहे. ‘मावी मोडेलाश’ हे तेथील नियतकालिक १९५७ पासून निघू लागले. तेथे विमानांसाठी १:३३ (म्हणजे मूळ वस्तूच्या तेहतिसाव्या भागाइतके), रणगाड्यांसाठी १:२५ आणि जहाजांसाठी १:२०० ही प्रमाणे रूढ आहेत. सुमारे सव्वाअकरा मीटर पंखविस्ताराचे स्पिटफायर विमान १:३३ मध्ये ३४ सेंटिमीटर रुंद होते. हिमेजीचा मुख्य मनोरा दगडी चौथऱ्यासह सुमारे ४६ मीटर उंच आहे. १:३०० मध्ये तो साधारण १५ सेंटिमीटर भरेल.

प्रिंटरवर टक्केवारी बदलून प्रतिकृती लहान करता येते, उदाहरणार्थ १:३३ वरून १:५० साठी ६६ टक्के. मात्र कागदाची जाडी त्याबरोबर घटत नाही. आतल्या सांगाड्याचे भाग एक मिलिमीटर पुठ्ठ्यावर चिकटवायचे असतील, तर लहान केलेल्या खाचांत तो पुठ्ठा शिरत नाही, आणि त्या खाचा हाताने रुंद कराव्या लागतात. नवख्याने छापील प्रमाणच ठेवावे.

वास्तुप्रेमी (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी साधे घर करतो. एकच शंका उरली आहे : हिमेजीच्या छपरांच्या कडांना येणारा तो हलका वरचा बाक घडी न घालता कसा आणावा?

पुठ्ठा_आणि_पाते

छपराचा भाग छापील बाजू खाली करून माउसपॅडसारख्या मऊ पृष्ठावर ठेवावा. वळवायचा आहे त्या जागी मागच्या बाजूने चमच्याच्या गोल पाठीने, एकाच दिशेने, हलका दाब देत फिरवत राहावे. कागद चमच्याकडे वळतो, म्हणून कड वर यायला हवी तेथे भाग उलटून छापील बाजूने हेच करावे आणि शाई घासली जाऊ नये म्हणून मध्ये पातळ कागद ठेवावा. बाक हवा त्याहून थोडा अधिक आणावा, कारण कागद किंचित परत येतो. चिकटवताना मधला भाग आधी पक्का करावा आणि तो सुकल्यावरच कोपरे जोडावेत.