मदत हवी आहे: फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल यांची आठव्या वर्षीची कविता सांगावी का?

सातवीच्या मुलांना रिझाल यांच्या बालपणावर दहा मिनिटं सांगायचंय. कलाम्बा गाव, अक्षरं शिकवणारी आई तेओदोरा, पतंग-दिव्याची गोष्ट, आईचा अडीच वर्षांचा तुरुंगवास, थोरला भाऊ पासियानो, एवढं जमलंय. (पासियानोवर खरं तर वेगळा तास हवा!)

अडलंय मातृभाषेवरच्या कवितेपाशी. इंग्रजी चरित्रं चाळली. बरीचशी ती आठव्या वर्षीची म्हणतात. पण मूळ हस्तलिखित नाही, शिवाय तीत स्वातंत्र्यासाठी आलेला ‘कलायाआन’ हा तागालोग (त्यांची मातृभाषा) शब्द आपल्याला मोठेपणी कळला, असं रिझालनी १८८६ मध्ये पासियानोला कळवलं होतं. म्हणून ती त्यांनी खरंच आठव्या वर्षी लिहिली का, अशी शंका येते.

मला स्पॅनिश येत नाही. त्यांच्या स्वतःच्या पत्रांत किंवा आठवणींत या कवितेचा उल्लेख कुणाला सापडलाय का? नसेल, तर ती वगळून त्यांच्या मामांविषयी सांगू का?