शिम्पाकू ज्युनिपर : खोड जाड करणे, तार घालणे आणि टोचरी झालेली पालवी, सल्ला हवा आहे

उथळ कुंडी :
नमस्कार. माझ्याकडे शिम्पाकू जातीचे एक ज्युनिपर (सदाहरित सूचिपर्णी झाड) बोन्साय करण्यासाठी आहे. चार वर्षांपूर्वी ते फांदीच्या कलमापासून तयार झालेले लहान रोप होते आणि हाती येताच मी ते बोन्सायच्या उथळ कुंडीत लावले. झाड बाहेरच असते आणि त्याला दिवसाचे सहा तास ऊन मिळते, तरीही खोड आजवर पेन्सिलीपेक्षा जाड झालेले नाही. गेल्या वसंतात आकार उठून दिसावा म्हणून मी निम्म्याहून अधिक पालवी कापली आणि त्यानंतर दर आठवड्याला कोवळे शेंडे नखांनी खुडत राहिलो. आता मऊ, दोरीसारख्या खवलेदार पालवीऐवजी सुईसारखी टोचणारी पाने येत आहेत. ही पाने रोगाची आहेत का, खोड जाड कसे करावे आणि तार घालण्यास हा काळ योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खवलेपान :
हा रोग नाही. ज्युनिपरची रोपावस्थेतली पाने सुईसारखीच असतात आणि मोठ्या झाडावर जबर छाटणी झाली की ते पुन्हा तशी पाने काढू लागते. प्रोकम्बेन्स जातीची पालवी मुळातच टोचरी असते, त्यामुळे तिथे काळजीचे कारण नसते. शिम्पाकूवर मात्र तो झाडाच्या नाराजीचा उघड पुरावा समजावा.

पानगळीची झाडे मुळांत आणि खोडात साठवलेल्या शक्तीवर पुन्हा फुटतात, ज्युनिपरची शक्ती मात्र मोठ्या प्रमाणात पालवीतच असते. निम्मी पालवी गेल्यावर मुळांची वाढही मंदावते, आणि त्यावर दर आठवड्याची खुडणी म्हणजे जे थोडे उरले आहे तेही काढून घेणे. हात धुवून शेंड्यांच्या मागे लागण्याची ही सवय जुन्या पुस्तकांतून आली आहे आणि ती सोडलेली बरी. शेंडे मोकळे वाढू द्यावेत. जे जोमाने इतरांच्या पुढे धावतात तेवढेच, त्यांचा देठ तपकिरी होऊ लागला की, कात्रीने बुडाशी कापावेत आणि अशक्त शेंड्यांना हात लावू नये. फांदीवर थोडी तरी हिरवी पालवी राहिलीच पाहिजे, कारण पूर्ण उघड्या पडलेल्या जुन्या फांदीवर ज्युनिपर सहसा नवा फुटवा देत नाही आणि ती फांदी वाळते.

टोचरी पालवी लगेच काढू नका. तिच्या टोकांतून पुन्हा खवलेदार पालवी पुढे येईल, त्याला एक ते दोन हंगाम लागतील, आणि ती चांगली पसरल्यावरच मागची सुईपाने काढावीत.

बारा कुंड्या :
खोडाविषयी लिहितो. खोड जाड होते ते पालवीच्या जोरावर, आणि उथळ कुंडीत मुळांना जागा नसल्याने पालवीही वाढत नाही. बोन्सायची कुंडी ही तयार झालेल्या झाडासाठी असते. तयार व्हायच्या झाडाला जमीन किंवा खोल, मोठे भांडे हवे. तिथे खालच्या एक-दोन फांद्या अजिबात न छाटता लांब वाढू द्याव्यात. त्या अंतिम आकारात राहणार नसतात. आपल्या खालच्या खोडाला पोसून जाड करणे एवढेच त्यांचे काम असते आणि ते झाले की त्या कापल्या जातात. अशा ‘बळीच्या’ फांदीचा उरलेला खुंट ज्युनिपरवर फुकट जात नाही, तो सोलून पांढरे वाळके लाकूड म्हणून ठेवता येतो. जपानीत त्याला जिन म्हणतात.

कुंडी बदलणे मात्र घाईने करू नका. आधीच दुबळ्या झालेल्या झाडाची मुळे कापणे हा दुसरा घाव ठरेल. एका वर्षात एकच मोठे काम, हा नियम मी दोन झाडे गमावल्यावर पाळू लागलो. यंदा झाडाला फक्त ऊन, पाणी आणि बेताचे खत द्यावे. पुढच्या वर्षी ते तरतरीत दिसले तर वसंताच्या सुरुवातीला, नवी वाढ सुरू होण्याआधी, ते मोठ्या भांड्यात हलवावे. मुळे पूर्ण उघडी करू नयेत. जुन्या मातीचा अर्धा भाग आता आणि उरलेला पुढच्या खेपेला काढला तर झाड सहज सावरते. मिश्रण निचरा होणारे, दाणेदार हवे. अकाडामा (दाणेदार जपानी माती), प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि लाव्हा दगड यांचे 3 ते 6 मिलिमीटरचे दाणे, धूळ चाळून काढलेले, उत्तम. झाड भांड्याला तारेने घट्ट बांधावे, कारण हलणाऱ्या झाडाची नवी नाजूक मुळे तुटत राहतात.

उथळ कुंडी :
आपल्या उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. खुडणी आजपासून बंद. मात्र खोड जाड झाल्यावर ते वाकेल का, अशी शंका येते. शिवाय चित्रांत दिसणारा खोडावरचा पांढरा पट्टा मला फार आवडतो. तो केव्हा करावा?

तारकाम :
शंका अगदी रास्त आहे. खोडाला पीळ द्यायचा असेल तर ते पेन्सिलीएवढे असतानाच द्यावा लागतो, म्हणून झाड सावरल्यावर मोठ्या भांड्यात जाण्याआधीच्या हिवाळ्यात तार घाला. एका वर्षात एकच मोठे काम या नियमाने वसंतात भांडे बदलणे मग वर्षभर पुढे ढकलावे लागेल, आणि त्यात काही बिघडत नाही. तार वाकवायच्या भागाच्या साधारण एक तृतीयांश जाडीची असावी आणि 45 अंशांच्या आसपास कलवून गुंडाळावी. नवशिक्याने अॅल्युमिनियमची तार घ्यावी, कारण तापवून मऊ केलेली तांब्याची तार पकड चांगली देते, पण एकदा वाकवली की ती कडक होते. तीव्र वळणाच्या जागी आधी ओल्या राफियाची (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचा धागा) पट्टी गुंडाळली तर साल फाटण्याचा धोका कमी होतो. भर वाढीच्या काळात साल लाकडावरून सहज सुटते, तेव्हा मोठी वळणे टाळावीत. ज्युनिपरला वळण धरायला वेळ लागतो, तरी तार सालीत रुतते आहे का हे उन्हाळ्यात वरचेवर पाहावे. काढताना तार उलगडू नये, तुकडे करून काढावी.

पांढऱ्या पट्ट्याला शारी म्हणतात. बारा कुंड्या यांना कदाचित पटणार नाही, पण मी तो लवकर सुरू करण्याच्या मताचा आहे. पहिल्या वर्षी साल अगदी अरुंद पट्टीत काढावी आणि नंतर दर वर्षी ती थोडी रुंदवावी. जिवंत भाग दोन्ही बाजूंनी फुगत जातो आणि खोडाला जो पिळदार स्नायूसारखा उठाव येतो, तो एका दिवसात कोरून कधीच मिळत नाही.

बारा कुंड्या :
पटते, पण या झाडावर नाही. ज्युनिपरमध्ये ठरावीक मूळ ठरावीक फांदीला एका पट्ट्यातून पाणी पोचवते. तो पट्टा कोणता हे नवशिक्याला पेन्सिलीएवढ्या खोडावर दिसत नाही. चुकीच्या जागी साल काढली तर वरची फांदी जाते. आधी दोन वर्षे वाढू द्या.

वेळेचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेतील बोन्सायगुरू जॉन नाका यांचे ‘गोशिन’ हे प्रसिद्ध बोन्साय आठवा. फोमिना जातीच्या ज्युनिपरचे, एकाच कुंडीतले ते वन त्यांनी 1948 पासून घडवत नेले, झाडांची संख्या पुढे 11 झाली, आणि 1984 मध्ये त्यांनी ते दान केले.

खवलेपान :
एक राहिले. आतली पालवी निस्तेज, राखाडी दिसते का? फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले तर ते कोळी किडे आहेत. दुबळ्या ज्युनिपरवर ते हमखास येतात, आणि हे झाड मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवे दिसत असल्याने नुसत्या रंगावर विसंबता येत नाही.

उथळ कुंडी :
आताच कागद धरून पाहिला. चार ठिपके पडले, त्यांतले दोन चालत होते.

खवलेपान :
मग सध्या हेच काम. झाड उन्हातून बाजूला घेऊन पालवीच्या आतून आणि खालून जोरदार पाण्याची फवारणी करा. पाण्याने अंडी मरत नाहीत, म्हणून दर चार-पाच दिवसांनी किमान तीन वेळा फवारणी पुन्हा करून कागदाची परीक्षा घ्या. तरीही ठिपके चालत राहिले तर कोळीनाशक लागेल. साधे कीटकनाशक नको, त्याने कोळ्यांना खाणारे किडेच आधी मरतात.