जर्मनीत पाऊस आपल्याएवढाच, मग तिकडचं जंगल का वाळलं?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. प्रश्न आपल्या भागाबाहेरचा आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतो. माझा पुतण्या जर्मनीत शिकतो, मागच्या आठवड्यात तो हार्झ नावाच्या डोंगरात फिरायला गेला आणि तिथून व्हिडिओ कॉल केला. मी म्हटलं दाखव बाबा तिकडची हिरवळ, इकडे ४४ डिग्रीत डोळे तरी गार होतील. तर काय, डोंगरच्या डोंगर करडा! झाडं उभी आहेत पण वाळलेली, आपल्याकडे कपाशी वेचून झाल्यावर पऱ्हाटी उभी राहते ना तशी. त्याने एका झाडाची साल ओढून काढली तर आतून किड्याने नक्षी कोरलेली, मधे एक उभी रेघ आणि दोन्ही बाजूला बारीक बारीक फाटे, एखाद्याने छापा मारल्यासारखी.

तो म्हणतो २०१८ पासून लागोपाठ पाऊस कमी झाला आणि जंगल गेलं. मी विचारलं, पाऊस पडतो तरी किती रे तिकडे? तर म्हणे देशाची सरासरी ८०० मिमीच्या जरा आत. आपल्या जळगाव जिल्ह्याची साडेसहाशे-सातशे धरा. म्हणजे लई फरक नाही. मग आपला सातपुडा दिवाळीनंतर थेंब न पिता जूनपर्यंत उभा राहतो आणि त्यांचं बारमाही भुरभुर असलेलं जंगल दोन-तीन वर्षांत आडवं होतं, हे कसं काय भो?

दुसरं म्हणजे पाऊस कमी झाला की जंगलापासून मिळणारं सगळंच कमी होतं का, म्हणजे पाणी, लाकूड, हवा वगैरे? यात माझा स्वार्थ आहे. आमची केळी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाण्यावर. वडिलांच्या वेळी विहिरीत मोट चालायची, आता बोअरमधे दर दोन-तीन वर्षांनी पाइप वाढवू राहिलो.

पुस्तकी_भो
भाऊ, आकडा सारखा दिसतो पण हिशोब सारखा नाही. नुसती जमा बघून खातं कळत नाही, खर्चपण बघावा लागतो. जर्मनीत थंडी, ढगाळ हवा, त्यामुळे ८०० मधलं पाणी आपल्यापेक्षा सावकाश उडतं. आपल्याकडे एप्रिल-मे मधे ऊन जमिनीतून जितकं पाणी मागतं तितकं द्यायला वरून पडणारा पाऊसच पुरत नाही. त्यात आपला सगळा चार महिन्यांत पडून मोकळा, त्यांचा बारा महिन्यांत वाटलेला. म्हणून तिकडच्या झाडांना उपाशी राहायची सवयच नाही. आपला साग फेब्रुवारी-मार्चला पानं टाकून देतो, दुकान बंद करून झोपतो म्हणा ना. तिकडचं वाळलेलं झाड म्हणजे स्प्रूस, सुईसारख्या पानांचं आणि सदाहरित, त्याचं दुकान कायम उघडं आणि मुळं उथळ.

स्प्रूस हे मुळात थंड, ओल्या, उंच डोंगरातलं झाड. पण लवकर वाढतं, सरळ लाकूड देतं म्हणून महायुद्धानंतर खाली सखल भागातपण एकाच जातीची लावणी करून ठेवली. हार्झच्या सगळ्यात उंच माथ्यावर पाऊस हजाराच्याही बराच वर पडतो, तरी तो डोंगर सुटला नाही. २०१८ ला देशाची सरासरी ६०० च्या खाली गेली, वर उन्हाळा कडक. तुमच्या पुतण्याने दाखवलेला किडा म्हणजे सालीखालचा भुंगेरा, त्याला जर्मन लोक त्या नक्षीवरून 'छापणारा' अशाच अर्थाचं नाव देतात. धडधाकट झाड डिंकासारखी राळ सोडून त्याला बाहेर ढकलतं. झाडाच्याच अंगात पाणी नसलं तर राळ कुठून येणार? वरून उष्ण वर्षात किड्याच्या दोनाच्या तीन पिढ्या होतात. २०१८ ते २०२१ च्या सुरुवातीपर्यंत तिथं सुमारे ५ लाख हेक्टर जंगल गेलं, म्हणजे ५,००० चौरस किलोमीटर, आपल्या नंदुरबार जिल्ह्यापेक्षा थोडं कमी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खरी गंमत तिथं आहे. सगळं एकत्र कमी होत नाही. पहिली एक-दोन वर्षं लाकूड उलट जास्त निघालं, मेलेली झाडं तोडून बाजारात इतकी आली की भाव पडले. तुमच्याकडे वादळात केळी आडवी झाल्यावर व्यापारी काय भाव देतो ते मी सांगायला नको. हवेतल्या कार्बनचं मात्र उलटं झालं. २०२४ ला त्यांच्या चौथ्या वनगणनेचे आकडे आले, त्यात २०१७ नंतर जंगल कार्बन साठवायच्या ऐवजी सोडू राहिलंय असं निघालं. आधी २००३ च्या उन्हाळ्यातपण युरोपभर झाडाझुडपांची वाढ ३० टक्क्यांच्या आसपास घटली होती आणि चार वर्षांत साठवलेला कार्बन एका हंगामात परत गेला होता.

तापीकाठ
एवढं कशाला पाहिजे, झाडं लावा पाणी वाढेल. सिंपल.

पुस्तकी_भो
@तापीकाठ दादा, सिंपल नाही ना. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराला ज्या डोंगरातून पाणी येतं तिथं माउंटन अ‍ॅश नावाचे उंचच उंच निलगिरी आहेत. १९३९ ला मोठा वणवा लागला, जुनं जंगल जळालं आणि त्या जागी दाट कोवळं जंगल उगवलं. आता तुमच्या हिशोबाने झाडं वाढली म्हणजे पाणी वाढायला पाहिजे. पण झाडं पंचवीस-तीस वर्षांची होईपर्यंत ओढ्यांचं पाणी जवळपास निम्म्यावर आलं, कारण वाढीच्या वयातलं झाड म्हाताऱ्या झाडापेक्षा जास्त पितं. आपल्या घरातला अठरा वर्षांचा पोरगा आणि आजोबा यांच्या भाकरी मोजून बघा.

शिवाय वरून पडलेला सगळा पाऊस खाली पोचतपण नाही. इंग्लंडमधे मोजलंय, सदाहरित सुचीपर्णी म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं वर्षभरातल्या पावसाचा २५ ते ४५ टक्के भाग वरच्या वर फांद्यांवर अडवतात आणि तो तिथूनच उडून जातो. रुंद पानांची झाडं १० ते २५ टक्के. भुरभुर पाऊस असेल तर जास्त अडतो, धो-धो असेल तर कमी. याचं उलटं उदाहरणपण आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे रेडवूड उन्हाळ्यात धुकं पानांवर गाळून घेतात, त्या जंगलाला वर्षाचं एक तृतीयांश पाणी धुक्यातून मिळतं. मग कोणती झाडं, कुठे, किती वयाची, हे न विचारता नुसतं 'लावा' म्हणायचं?

तापीकाठ
बरं बाबा, गप बसतो 🙏

निवृत्त_वनरक्षक
बाहेरचं मला माहीत नाही, मी यावल-रावेर पट्ट्यात तीस वर्ष पायी फिरलो ते सांगतो. पाऊस किती पडला हे गावात विचारतात, जंगलात विचारतात कधी पडला. मोहाची फुलं मार्चमधे पहाटे पडतात, बायका अंधारात बॅटरी घेऊन जातात. त्याच पंधरवड्यात अवकाळी आला की फुलं चिखलात सडतात, वर्षाची कमाई गेली. तेंदूच्या पानाला मे मधे गारा लागल्या तर पानाला भोकं, मग त्याची बिडी होत नाही. पाऊस तोच, शेतातल्या विहिरीला चांगला आणि जंगलातल्या माणसाला वाईट.

दुसरी गोष्ट. जोराच्या पावसात सागाखाली उभं राहून बघा कोणी. सागाचं पान सुपासारखं, त्यावर पाणी जमतं आणि मोठा टपोरा थेंब होऊन उंचावरून खाली आपटतो. खाली गवत, झुडूप, पालापाचोळा असला तर काही नाही. पण उन्हाळ्यात वणवा लागून खालचं सगळं जळालेलं असलं तर तो थेंब माती उडवतो, सागाच्या बुडाला पायऱ्या पडलेल्या मी पाहिल्यात आणि ओढ्याला चहासारखं पाणी. वरून बघणाऱ्याला वाटतं जंगल दाट आहे, पाणी मुरत असेल. केळीवाले भाऊ, तुमच्या बोअरचं पाणी पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात मुरतं, दगडगोट्यांचा भाग आहे तो. वरून गढूळ पाणी आलं की बारीक माती त्या गोट्यांच्या फटीत बसते, मग पाणी मुरायचं सोडून सरळ तापीला पळतं.

शिरपूरची_लेक
काकांचं एकदम बरोबर. मी शिरपूरची, लग्नानंतर डेहराडूनला. इकडे वरच्या डोंगरात बांज नावाचा ओक आणि चीड नावाचा पाइन हे दोन शेजारी, आणि गावातल्या म्हाताऱ्या बाया झाड बघून सांगतात की झरा उन्हाळ्यात टिकेल का नाही. बांजाखालचा पाला कुजून जाड गादीसारखा होतो, हात घातला तर मे महिन्यातपण खाली ओलसर लागतो. चीडच्या सुया कोरड्या, निसरड्या, त्यांना पिरूल म्हणतात, काडी टाकली की भडकतात. हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ हुकला की एप्रिलपासून वणवे, कितीदा सकाळी खिडकी उघडली की धुराचा वास. पावसाळ्यात इकडे धो-धो पडतोच, पण जमीन तेव्हा आधीच भरलेली असते, जास्तीचा दरडी घेऊन खाली येतो. झऱ्याला हळू पडणारा हिवाळ्यातलापण लागतो.

जास्त पावसाचापण त्रास असतो हं. न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी डोंगरातल्या जंगलातून येतं, फिल्टर प्लांटवर अब्जावधी डॉलर घालवण्यापेक्षा १९९७ मधे त्यांनी तिकडच्या गावांशी करार करून जंगल-शेती सांभाळायला पैसे दिले. पण मोठं वादळ झालं की तिथल्या चिकणमातीने धरण गढूळ होतंच.

आणि कशाला लांब जा, आपल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. गावाने चारशे हेक्टरच्या वर जंगल राखलं, कुऱ्हाडबंदी केली, विहिरींना पाणी आलं. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. तिथं कोणी पाऊस वाढवला नाही, पडलेला थांबवला.

केळीवाला_रावेर
सगळ्यांचे आभार. पुस्तकी भाऊ तुम्ही भाकरीवर आणून सोडलं, बायको वाचून हसू राहिली. पुतण्याला हे सगळं पाठवलं. तो म्हणतो आता तिकडे एकाच जातीची चूक नको म्हणून बीच, ओक असं मिसळून लावू राहिलेत, आणि नॅशनल पार्कच्या भागात मेलेली झाडं तशीच उभी ठेवलीत, त्यांच्या सावलीत बर्च आणि रोवनची रोपं आपसूक आलीत, कमरेएवढी झालीत.

काका, तुमची ती चहासारख्या पाण्याची गोष्ट ऐकून आज संध्याकाळी बांधावर गेलो. आमच्या नाल्यात मागच्या वर्षीचा गाळ वाळून पापुद्रे झालेत, एक उचलला तर खाली गोटे, आणि गोट्यांच्या मधे चिकणमाती गच्च, खिळा घालायला जागा नाही. हा गाळ काढला तर फरक पडेल का पुढच्या पावसात परत तेच? तुम्ही पाल गावाकडे कधी येणार असाल तर मोबाईलवर सांगा, नाला दाखवतो. जेवायला शेवभाजी आहे.

निवृत्त_वनरक्षक
येतो रविवारी. गाळ काढायच्या आधी नाला वर कुठून येतो ते चालत बघू. आणि शेवभाजी तिखट करा.