काजू फॅक्टरीत बायका टिकत नाहीत, काय करू? (मदत हवी आहे)

काजू_कुडाळ: कुडाळजवळ छोटी फॅक्टरी आहे. दिवाळीनंतर बावीस बायका घेतल्या, आता नऊ उरल्यात, हात बसला की जातात, ऑर्डर डोक्यावर आहे आणि पगार पण मी बाजाराप्रमाणेच देतो. अर्जंट सांगा.

देवगडकर: कटिंग मशीन घ्या. कटकट संपली.

रानमेवा: पगार रोजावर की किलोवर? टाइम काय?

काजू_कुडाळ: किलोवर. तुकडा पडला तर अर्धा रेट. डब्ल्यू ३२० ची ऑर्डर आहे, म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर, तुकडा घेऊन काय करू? टाइम ९ ते ६, सगळीकडे असतो तोच.

रानमेवा: नवीन बाईचे पहिले पंधरा दिवस तुकडेच पडतात, म्हणजे ती अर्ध्या पैशात शिकते. मी चार वर्षं बी फोडायला बसलेय. एरंडेल चोपडून बसलं तरी चिकाने बोटांची सालं निघतात, आणि घरी भाकरीच्या उकडीत हात घातला की मिठाने जीव जातो. शिकेपर्यंत रोज ठरवून द्या, तेल हातमोजे तुमचे.

देवगडकर: असे फुकट रोज देत बसले तर धंदा बुडाला.

रानमेवा: तेरा जणींना शिकवून घालवल्या ते काय फायद्यात धरलंय?

कायदा_बोला: रात्रपाळीबद्दल सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ६६ प्रमाणे बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बंदी होती, नव्या लेबर कोडात त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर चालतं.

काजू_कुडाळ: रात्रपाळी कोणी विचारली??

कायदा_बोला: माहिती असावी. आणि १० माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, बावीस होत्या तेव्हा केलेली का?

काजू_कुडाळ: आमच्याकडे सगळ्या बायकाच, तक्रार कोणाची करणार. सुपरवायझर तेवढा माझा मेव्हणा.

रानमेवा: 🙂

मालवणी_बाणो: सहाक सुटल्यार बायकांका एस्टी खंय गावतली?

काजू_कुडाळ: एक ५:४० ला आहे, मग ७:३० ला. त्यांचं त्या बघतात.

मालवणी_बाणो: बघतत म्हणानच ऱ्हवणत नाय! देड तास स्टँडार बसान घराक कधी जातली?

देवगडकर: साडेआठला चालू करा, साडेपाचला सोडा.

रानमेवा: साडेआठला हजर म्हणजे चारला उठा, पाणी, डबे, पोरं. सकाळी नऊच ठेवा, जेवणाचा तास कमी न करता साडेपाचला सोडा. किलोवरच आहे ना, तुमचं काय जातंय?

काजू_कुडाळ: हे मात्र खरं. सोमवारपासून करून बघतो. अजून एक, बाथरूम गोडाऊनच्या मागे आहे, एकच आहे, कडी महिनाभर तुटलीय. त्याचा काही संबंध असेल का?

रानमेवा: अहो दादा!!

देवगडकर: टरफल काय भावाने देता?